टास्क शेड्यूलरमध्ये दडलेला व्हायरस: शोधायचा कसा, काढायचा कसा, पुन्हा शिरू द्यायचा नाही कसा

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांपासून कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपपर्यंत एक तक्रार सारखी कानावर येते. अँटिव्हायरसने व्हायरस पकडला, काढला, स्क्रीनवर हिरवी खूण आली आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला तर तोच व्हायरस त्याच जागी हजर. मग अँटिव्हायरस बदलला जातो, कुणीतरी ‘फॉरमॅट मारा’ म्हणतं आणि ऐन सौद्यांच्या दिवसांत दुकानाचा हिशेब अडकून पडतो. बऱ्याचदा कारण साधं असतं. व्हायरसची फाइल गेलेली असते, पण ती फाइल पुन्हा आणायचं ठरवून दिलेलं काम मशीनमध्ये तसंच राहिलेलं असतं.

हे काम राहतं ते टास्क शेड्यूलरमध्ये. अमुक वेळ झाली किंवा अमुक गोष्ट घडली की अमुक प्रोग्रॅम चालवायचा, एवढंच या सोयीचं काम. विंडोजचे स्वतःचे अपडेट, डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचं स्कॅन, क्रोम आणि एजचे अपडेटर, तुमचा रात्रीचा बॅकअप हे सगळं त्यावरच चालतं, त्यामुळे ती बंद करून टाकता येत नाही. हल्लेखोराला ती आवडते कारण बाहेरून काही आणावं लागत नाही, रीस्टार्टनंतरही काम टिकतं आणि एकदा ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क हाती आले की तेच टास्क ‘सिस्टम’ या सर्वांत ताकदवान खात्याने चालवता येतं. हल्ल्यांच्या पद्धतींची जगभर वापरली जाणारी जी मायटर ॲटॅकची यादी आहे, तिच्यात या प्रकाराला टी १०५३ असा स्वतंत्र क्रमांक आहे. जून २०१७ मध्ये जगभर पसरलेल्या नॉटपेट्या या व्हायरसने मशीनमध्ये शिरल्यावर ती थोड्या वेळाने रीस्टार्ट करणारं टास्कच लावून ठेवलं होतं. रीस्टार्ट झालं की डिस्क कुलूपबंद.

खाली लिहिलंय ते दुकान-ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांसाठी आहे, पण मालकाने किंवा दिवाणजींनी वाचलं तरी निम्मं काम त्यांना स्वतः करता येईल.

आधी डोळ्यांनी पाहा

ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने लॉगिन करा. स्टार्ट मेनूत टास्क शेड्यूलर असं शोधा आणि राइट क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. ‘व्ह्यू’ मेनूत ‘शो हिडन टास्क्स’वर खूण करा. ही पायरी सोडू नका, कारण टास्क लपवायची सोय विंडोजनेच दिलेली आहे आणि ती खूण नसेल तर लपवलेली टास्क तुम्हाला दिसणारच नाहीत.

डावीकडे ‘टास्क शेड्यूलर लायब्ररी’ दिसेल. तिच्या अगदी वरच्या पातळीवर साधारणपणे थोडीच नावं असतात: एजचा अपडेटर, गूगलचा अपडेटर, वनड्राइव्ह, ॲडोबी, प्रिंटर कंपनीचं एखादं. आत ‘मायक्रोसॉफ्ट’, त्याच्या आत ‘विंडोज’, आणि तिथे डझनावारी फोल्डर. शहाणा हल्लेखोर आपलं टास्क या गर्दीत ठेवतो, म्हणून वरवरची यादी पाहून थांबू नका.

नावावर आणि ‘ऑथर’ या रकान्यावर अजिबात विश्वास ठेवू नका. टास्क बनवणारा या दोन्ही ठिकाणी वाटेल ते लिहू शकतो, ‘मायक्रोसॉफ्ट कॉर्पोरेशन’सुद्धा. खरी गोष्ट कळते ती ‘ॲक्शन्स’ टॅबवर, कारण नक्की कोणती फाइल, कुठून आणि काय सूचना देऊन चालवली जाते हे तिथे असतं. ते खोटं लिहिलं तर टास्क चालणारच नाही.

‘ॲक्शन्स’मध्ये मी पहिल्यांदा फाइलचा पत्ता पाहतो. टेम्प, डाउनलोड्स, यूजर्समधलं पब्लिक, प्रोग्रॅमडेटामधलं अगम्य अक्षरांचं फोल्डर, ॲपडेटामधली अनोळखी जागा, यांपैकी काही असेल तर थांबायचं. मग प्रोग्रॅमचं नाव. पॉवरशेल, डब्ल्यूस्क्रिप्ट, एमएसएचटीए, रनडीएलएल३२, रेगसर्व्ह३२, सर्टयुटिल हे सगळे विंडोजचेच असतात, त्यांच्यावर मायक्रोसॉफ्टची सही असते आणि अँटिव्हायरस त्यांना अडवत नाही. म्हणूनच त्यांच्यापुढे लिहिलेल्या सूचना वाचाव्या लागतात. विंडो लपवण्याची सूचना, अर्थ न लागणारी लांबलचक अक्षरमाळ किंवा सरळ एखाद्या वेबसाइटचा पत्ता, यातलं काहीही तुमच्या दुकानातल्या कुठल्याच नेहमीच्या कामाला लागत नाही.

त्यानंतर ‘ट्रिगर्स’. लॉगिन झाल्यावर, मशीन सुरू झाल्यावर किंवा दर पाच मिनिटांनी कायमचं, अशी वेळ संशयाला जागा देते. आणि ‘जनरल’मध्ये ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’वर खूण आहे का, कोणत्या खात्याने चालतं, हे पाहायचं.

यातली एकटी खूण पुरेशी नसते. वनड्राइव्हचा अपडेटर बऱ्याच मशीनवर ॲपडेटामधूनच चालतो आणि मायक्रोसॉफ्टची कित्येक टास्क रनडीएलएल३२ वापरतात. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या की मात्र शंका पक्की धरावी. फाइल एखाद्या कंपनीची वाटत असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब पाहा. नावाजलेल्या कंपनीच्या नावाची फाइल आणि सहीचा पत्ता नाही, हे नीट नाही.

एक टास्क जवळून

हळदीच्या एका अडत दुकानातले दिवाणजी म्हणाले, “अहो, दुसरं काही नाही हो, पण पट्ट्या काढताना मधेच काळी खिडकी येऊन जाते बघा. वाचायच्या आतच जाते.” मशीन संथ नव्हती, अँटिव्हायरसही शांत होता. टास्क शेड्यूलरमध्ये वरच्याच पातळीवर ‘सिस्टम अपडेट चेक’ अशा अर्थाचं इंग्रजी नाव होतं आणि ऑथरमध्ये मायक्रोसॉफ्ट. ट्रिगर दोन: लॉगिनच्या वेळी, आणि पुढे दर दहा मिनिटांनी, शेवटाची तारीख नाही. ॲक्शनमध्ये कमांड प्रॉम्प्ट, त्याच्यापुढे प्रोग्रॅमडेटामधली एक बॅच फाइल, म्हणजे ओळीने चालणाऱ्या सूचनांची साधी फाइल. ती नोटपॅडमध्ये उघडली (डबल क्लिक कधीच करायचं नाही) तर तीन ओळी. पहिली पॉवरशेलला लपून चालवणारी, दुसरी बाहेरच्या पत्त्यावरून फाइल उतरवणारी आणि तिसरी ते फोल्डर डिफेंडरच्या ‘एक्सक्लूजन्स’मध्ये घालणारी.

अँटिव्हायरस शांत का होता, याचं उत्तर त्या तिसऱ्या ओळीत आहे. त्या फोल्डरकडे बघायचंच नाही असं त्याला सांगून ठेवलेलं होतं. म्हणून टास्क तपासताना विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’, ‘मॅनेज सेटिंग्ज’ आणि शेवटी ‘एक्सक्लूजन्स’ उघडून पाहायचंच. तुम्ही स्वतः घातलेलं नाही असं तिथे काही दिसलं तर काढून टाका. जवळच ‘टँपर प्रोटेक्शन’ आहे, ते चालू ठेवा.

हे आलं कुठून? त्या दुकानात महागडं सॉफ्टवेअर फुकट चालावं म्हणून कुणीतरी ॲक्टिव्हेटर टाकून दिला होता. ॲक्टिव्हेटर आणि क्रॅक यांची रीतच अशी असते की आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगायचं, मग ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क मागायचे आणि ‘ॲक्टिव्हेशन टिकावं’ म्हणून टास्क लावायचं. या तीन गोष्टी अनोळखी माणसाला आपण हाताने दिल्या की पुढचं त्याच्या मर्जीवर. लायसन्सचे पैसे वाचवणारा हा मार्ग सगळ्यात महाग पडतो, आणि ज्या मशीनवर नेट बँकिंग आणि जीएसटीचं लॉगिन होतं तिथे तर तो टाकणाऱ्याला मी सरळ विरोध करतो.

दुसरी नजर: ऑटोरन्स

टास्क शेड्यूलर दाखवतो ते सगळंच असतं असं नाही. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचात ऑटोरन्स नावाचं मोफत साधन आहे. ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घ्या, दुसरीकडून नको. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा आणि ‘शेड्यूल्ड टास्क्स’ हा टॅब उघडा. पर्यायांमध्ये सही तपासण्याची सोय चालू करा. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवायची सोयही आहे, पण एकदा तरी ती बंद ठेवून यादी चाळा, कारण पॉवरशेलच्या आडून चालणारं टास्क वरकरणी मायक्रोसॉफ्टचंच दिसतं. गुलाबी ओळ म्हणजे प्रकाशकाची खात्री पटत नाही, पिवळी म्हणजे ज्या फाइलकडे बोट आहे ती जागेवर नाही. पिवळ्या ओळी बऱ्याचदा अँटिव्हायरसने फाइल काढल्यावर उरलेली टास्क असतात. त्या निरुपद्रवी समजू नका. तिथे फाइल पुन्हा आली की टास्क पूर्ववत चालू.

याहून खोल लपवण्याची पद्धत एप्रिल २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने उघड केली. हाफनियम या हल्लेखोर गटाच्या टारास्क नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक प्रोग्रॅमने, रजिस्ट्रीतली (विंडोज आपल्या सेटिंग्ज जिथे साठवतं तिथली) टास्कची ‘एसडी’ ही नोंद, म्हणजे ते टास्क कोणी पाहावं याचे हक्क सांगणारी नोंद, पुसून टाकली होती. मग ते टास्क शेड्यूलरच्या खिडकीतही दिसत नाही आणि कमांडने काढलेल्या यादीतही येत नाही, पण चालत मात्र राहतं. हे तपासायचं तर रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीनच्या ‘सॉफ्टवेअर’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज एनटी’, ‘करंट व्हर्जन’, ‘शेड्यूल’, ‘टास्क कॅश’, ‘ट्री’ असं आत जा. तिथे प्रत्येक टास्कच्या नावाखाली ‘एसडी’ असायला हवं. एखाद्या टास्कखाली ते नसेल तर ही मशीन नेटवर्कवरून तोडा आणि जाणकाराला बोलवा. इथे काही बदलू नका, फक्त पाहा.

सापडलं तर कोणत्या क्रमाने

घाईने डिलीट मारणं ही सगळ्यात मोठी चूक. पुरावा जातो आणि दुसरीकडे लावलेलं जोडटास्क ते परत बनवतं.

नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, मशीन मात्र चालू राहू द्या. टास्कच्या प्रत्येक टॅबचा मोबाइलवर फोटो घ्या. टास्कवर राइट क्लिक करून ‘एक्स्पोर्ट’ करा, म्हणजे एक्सएमएल फाइल मिळते. मूळ फाइल सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, टास्क्स या फोल्डरात असते, तिची बदलल्याची तारीख लिहून ठेवा. ज्या दिवशी ती फाइल बनली त्या दिवशी मशीनवर काय उघडलं गेलं, कोणता मेल आला, कुणी रिमोट घेतला होता, हे सगळ्यांना विचारायचं असतं आणि त्यासाठी तारीख लागते.

मग टास्क ‘डिसेबल’ करा. लगेच ‘डिलीट’ नको. दहा-पंधरा मिनिटं थांबून ते आपोआप ‘रेडी’ होतंय का किंवा दुसऱ्या नावाने नवं उगवतंय का ते पाहा. उगवलं तर मशीनमध्ये राखणदार आहे. ऑटोरन्सच्या लॉगऑन, सर्व्हिसेस आणि डब्ल्यूएमआय या टॅबमध्ये तो बहुधा सापडतो. सगळी टोकं हाती आल्यावरच एकत्र काढा आणि डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन लावा. ते विंडोज सुरू होण्याआधी चालतं, त्यामुळे चालू असलेला मालवेअर त्याला अडवू शकत नाही.

टास्क ‘सिस्टम’ खात्याने चालत होतं असं दिसलं तर माझं मत स्पष्ट आहे: डेटाचा बॅकअप घ्या आणि विंडोज नव्याने टाका. त्या पातळीवर पोचलेल्याने अजून काय बदललं हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. बँक, जीएसटी आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला, त्याच मशीनवरून नाही.

पैसे गेले असतील तर तासभरही न घालवता १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. कंपन्या आणि संस्थांसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस जपायचे. मिरजेतली हॉस्पिटल्स आणि कुपवाडचे कारखाने यांनी हे आधीच लिहून भिंतीवर लावावं, कारण घटना घडल्यावर सहा तास कधी जातात ते कळत नाही.

दार बंद करताना

रोजच्या कामाचं खातं ‘स्टँडर्ड’ ठेवा आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड वेगळा, मोजक्या माणसांकडे. स्टँडर्ड खात्यालाही स्वतःपुरतं टास्क लावता येतं, पण ‘सिस्टम’ म्हणून चालणारं लावता येत नाही. एवढ्याने नुकसानीची मर्यादा खूप खाली येते.

आता ज्या गोष्टीकडे जवळपास सगळीकडे दुर्लक्ष होतं ती. तुमचं स्वतःचं, अगदी प्रामाणिक बॅकअप टास्क. समजा रोज रात्री हिशेबाच्या डेटाची कॉपी करणारी बॅच फाइल डी ड्राइव्हवर ‘बॅकअप’ फोल्डरात आहे आणि ती ‘सिस्टम’ खात्याने, सर्वोच्च हक्कांनी चालते. विंडोजमध्ये डी ड्राइव्हवर नवं फोल्डर बनवलं की मशीनवर लॉगिन करणाऱ्या कुठल्याही खात्याला त्यात बदल करायचे हक्क आपोआप मिळतात. सी ड्राइव्हच्या मुळाशी बनवलेल्या फोल्डरचंही तसंच. म्हणजे साध्या खात्यात शिरलेल्या मालवेअरला नवं टास्क बनवायचीही गरज नाही. तुमच्या बॅच फाइलमध्ये एक ओळ वाढवली की रात्री तीच ओळ पूर्ण ताकदीने चालते, आणि टास्कच्या यादीत काहीच बदललेलं दिसत नाही.

उपाय दहा मिनिटांचा आहे. ती बॅच फाइल प्रोग्रॅम फाइल्समध्ये स्वतंत्र फोल्डर करून ठेवा, तिथे साध्या खात्याला लिहिता येत नाही. जागा बदलायची नसेल तर फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये वरून आलेले हक्क तोडा आणि बदलाचा हक्क फक्त ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टम यांना ठेवा. बॅच फाइल ज्या-ज्या प्रोग्रॅमला बोलावते त्यांनाही हाच नियम. शिवाय बॅकअपला ‘सिस्टम’ लागतोच असं नाही. ज्याला डेटा वाचता येतो आणि बॅकअपच्या जागी लिहिता येतं असं एक साधं खातं त्यासाठी पुरतं.

कारखान्यात डोमेन, म्हणजे सगळी खाती एकाच सर्व्हरवरून सांभाळायची व्यवस्था, असेल तर डोमेन ॲडमिनचा पासवर्ड टास्कमध्ये साठवून ठेवू नका. तो मशीनवर राहतो आणि मशीन हाती आली की काढता येतो. त्याऐवजी ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट वापरा, त्याचा पासवर्ड डोमेन स्वतःच सांभाळतं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या फायरवॉलमध्ये ‘रिमोट शेड्यूल्ड टास्क्स मॅनेजमेंट’ हा नियमसंच असतो. तो गरजेशिवाय चालू नसावा, नाहीतर एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर टास्क पेरता येतात. रिमोट सपोर्टचं सॉफ्टवेअर कायमच्या पासवर्डसह उघडं ठेवू नका, काम झालं की बंद. आणि ज्या मशीन अजून विंडोज १० वर आहेत त्यांचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे मालकाच्या कानावर घाला.

नोंदी चालू करा

टास्क कधी चाललं याचा इतिहास विंडोज आपणहून ठेवेल असं गृहीत धरू नका. टास्क शेड्यूलरच्या उजव्या बाजूला ‘एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी’ दिसत असेल तर इतिहास बंद आहे. त्यावर क्लिक करा. पुढे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये टास्क शेड्यूलरच्या ‘ऑपरेशनल’ लॉगमध्ये १०६ म्हणजे नवं टास्क नोंदलं गेलं, १४० म्हणजे बदललं, १४१ म्हणजे काढलं, २०० म्हणजे चाललं.

प्रो आवृत्ती असेल तर लोकल सिक्युरिटी पॉलिसीमध्ये प्रगत ऑडिटखाली ‘ऑब्जेक्ट ॲक्सेस’मधलं ‘अदर ऑब्जेक्ट ॲक्सेस इव्हेंट्स’ यशस्वी घटनांसाठी चालू करा. मग सिक्युरिटी लॉगमध्ये ४६९८ (नवं), ४६९९ (काढलं), ४७०० (चालू केलं), ४७०१ (बंद केलं) आणि ४७०२ (बदललं) यायला लागतात. ४६९८ मध्ये टास्कचा पूर्ण एक्सएमएल असतो, त्यामुळे टास्क नंतर पुसलं तरी त्याने काय केलं हे वाचता येतं. बहुतेक जण फक्त ४६९८ वर लक्ष ठेवतात. ४७०२ तितकंच महत्त्वाचं आहे. डिसेंबर २०२० मध्ये उघड झालेल्या, सोलरविंड्स या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून झालेल्या हल्ल्यात हल्लेखोरांनी आधीपासून असलेलं खरं टास्क बदललं, आपलं काम उरकलं आणि टास्क पुन्हा मूळ स्थितीत ठेवलं. नवं काही बनलंच नाही. लॉगचा आकारही वाढवा, नाहीतर गजबजलेल्या सर्व्हरवर जुन्या नोंदींवर नव्या चढतात.

लिनक्स सर्व्हर असेल तर

वेबसाइट किंवा बिलिंग लिनक्सवर असेल तर हेच काम क्रॉन आणि सिस्टमडीचे टायमर करतात. प्रत्येक यूजरचा क्रॉनटॅब पाहा, नुसता रूटचा नाही. वेबसर्व्हर ज्या खात्याने चालतो ते खातं तर नक्कीच. ईटीसीमधली क्रॉनटॅब फाइल, क्रॉन डॉट डी, तासाचं, रोजचं आणि आठवड्याचं फोल्डर आणि सिस्टमसीटीएलने निघणारी सगळ्या टायमरची यादी, एवढं चाळा. कर्ल किंवा डब्ल्यूगेटने काही उतरवून थेट शेलला देणारी ओळ, टेम्प किंवा डेव्ह-एसएचएममधली स्क्रिप्ट, टिंबाने सुरू होणारं फाइलचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. किन्सिंगसारखे क्रिप्टो मायनर, म्हणजे तुमच्या मशीनवर चोरून क्रिप्टोचलन कमावणारे प्रोग्रॅम, असाच क्रॉन लावतात. ओळ पुसली जात नसेल तर एलएसॲट्रने फाइलवर ‘इम्यूटेबल’ची खूण आहे का ते पाहा.

तारखाही वाचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये सॅनसेक कंपनीने शोधलेला क्रॉनरॅट ऑनलाइन दुकानांच्या सर्व्हरवर ३१ फेब्रुवारी या तारखेच्या टास्कच्या नावांमध्ये आपला कोड लपवत होता. न येणारी तारीख म्हणून लोक तिकडे पाहतच नव्हते. क्रॉन डॉट अलाउ फाइलमध्ये गरजेपुरतीच नावं ठेवा आणि ऑडिटडी या लिनक्सच्या नोंदी ठेवणाऱ्या सोयीला क्रॉनच्या फोल्डरांवर नजर ठेवायला सांगा.

आपली यादी आपल्याकडे

हे सगळं शोधणं सोपं होतं ते एकाच गोष्टीने: मशीन स्वच्छ असताना तिच्यावर काय-काय ठरलेलं होतं हे आपल्याकडे लिहिलेलं असलं तर. विंडोज नव्याने टाकलं, लागणारी सॉफ्टवेअर टाकली, बॅकअप लावला की त्याच दिवशी ऑटोरन्स चालवून त्याची फाइल ‘सेव्ह’ करा. नाव मशीनच्या नावाने आणि तारखेने द्या, पेन ड्राइव्हवर ठेवा आणि तो पेन ड्राइव्ह त्या मशीनला लावून ठेवू नका. पुढे महिन्यातून एकदा ऑटोरन्स उघडून ‘फाइल’ मेनूतून ‘कंपेअर’ने जुनी फाइल निवडा. नव्या नोंदी हिरव्या होतात. हिरव्या ओळी बहुधा कुठल्यातरी अपडेटच्या असतात. प्रत्येकीपुढे ती का आली हे वहीत लिहा आणि ज्या ओळीचं कारण लिहिता येत नाही तिच्यापासून वर सांगितलेली तपासणी सुरू करा.

यार्डातल्या दुकानांनी हे अमावास्येला करावं, कारण त्या दिवशी मशीनला उसंत असते. कारखान्यांनी साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी. वही मात्र दुकानातच राहू द्या, मेंटेनन्सवाल्याकडे नाही. माणूस बदलला तरी नव्या माणसाला पहिल्याच भेटीत ती वाचायला द्या.